तरी मी बसते

लूमच्या कारखान्यात काम केलेला माणूस ओठ वाचतो. हे कुणी शिकवत नाही. एका शेडमध्ये साठ-सत्तर माग एकदम चालतात, तिथे शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी पोहोचत नाही. म्हणून आम्ही आवाज न काढता बोलतो. ओठ नीट हलवायचे, सोबत हात. ‘धाग्याची कांडी संपली’, ‘शेठ आला’, ‘कधीतरी तूही चहा पाज रे कंजूष’, हे सगळं मी सोळा वर्षं डोळ्यांनी ऐकलं. याच सवयीपायी मी एका बाईची खासगी प्रार्थना चोरून वाचली. ती वाचली म्हणून आज हे लिहायला बसलोय.

मला टीबी झाला होता. एकदा नाही, दोनदा. ज्यांना तो दुसऱ्यांदा झालाय त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितोय. मी मॅट्रिकला दोन वेळा बसलेला माणूस, तेवढं सांभाळून घ्या.

कानबाईच्या नावावर ढकललेली चूक

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. नवागाममध्ये आमची एक खोली होती. मी, बायको रेखा आणि पाच वर्षांची सोनी. रेखा घरीच साड्यांचं धागा कटिंग करायची. मला खोकला लागला. प्लेगनंतर सुरतेत खोकणाऱ्या माणसाला लोक वाघाला भ्यावं तसे भ्यायचे. मी नळावर गेलो की रांग आपोआप आखूड व्हायची. सुरुवातीला मला त्याची गंमतच वाटली.

तपासणीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घ्यायला सांगितल्या. दोन-अडीच महिन्यांत खोकला थांबला, गालावर मांस आलं. तेवढ्यात श्रावण लागला आणि मी अमळनेरजवळच्या आमच्या गावी गेलो, कारण नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई देवी बसते. आम्हा खानदेशी लोकांत हा सण चुकवत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ धान्य काढायचं, ते दळायचं आणि त्याचे रोट करायचे. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. आणि आमच्या घरात आणखी एक नेम होता, रोट संपेपर्यंत तोंडात दुसरं काही घालायचं नाही.

मी गोळ्यांची पुडी कोनाड्यात ठेवली. आईने सांगितलं नव्हतं, मीच ठेवली. पाच दिवस रोट चालले. सहाव्या दिवशी अंगात चांगली ताकद वाटत होती, पुडी तिथेच राहिली. सुरतेला परत आलो तेव्हा सोबत पापड आणले, गोळ्या नाही आणल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी मागावर वाकलो असताना खोकला आला आणि समोरच्या कोऱ्या कापडावर रक्त सांडलं. शेठने आधी कापड पाहिलं, मग मला पाहिलं. मी त्याला दोष देत नाही. मी पण आधी कापडच पाहिलं होतं.

दवाखाना

सचिन गावाच्या पुढे, शेताच्या कडेला ख्रिस्ती सिस्टर लोकांचा एक दवाखाना होता. तिथे मला ठेवून घेतलं. डॉक्टर सुरती होते, आमच्याशी हिंदीत बोलायचे.

“दवा किसने बंद की?”

“देवी का उपवास था,” मी म्हणालो. खरं तर उपवास नव्हता, पण रोट त्यांना कुठे समजावत बसू?

“देवी ने बोला था?”

ते म्हणाले की आता पहिल्यापासून सुरुवात, आणि या वेळी गोळ्यांबरोबर रोज सुई. मधे सोडलेला रोग चिवट होतो. बाहेर व्हरांड्यात रेखा आणि तिचा भाऊ भिका उभे होते. भिका पलसाण्याच्या मिलमध्ये कामाला होता, आमच्यासाठी जीव टाकणारा माणूस, पण डोकं गरम. तो म्हणाला, “दाजी, आठे नका ऱ्हाऊ. त्या तुमले बाटाडी टाकतीन.” म्हणजे इथे राहू नका, त्या धर्म बाटवतील. रेखाने माझ्या कपड्यांची पिशवी खाटेखाली सरकवली आणि सोनीला घेऊन गेली. सोनीला तिने पदराखाली असं झाकलं होतं की मला पोरीचे फक्त पाय दिसले. त्या दिवशी मी वॉर्डात सगळ्यांसमोर रडलो.

दवाखान्यात सकाळ सुयांच्या उकळण्याने सुरू व्हायची. मग थुंकीचे डबे, मग ताप मोजायची काचेची नळी तोंडात, मग दूध. जेवणानंतर दोन तास शांतता. रेडिओ नाही, बोलणं नाही, पत्ते नाहीत. बाकीच्यांना ते दोन तास झोपेचे वाटायचे. मला ते फाशीचे वाटायचे. माग बंद पडले की लूमवाला उठून धावतो, कारण आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. त्या शांततेत मला माझ्या छातीतली घरघर ऐकू यायची. मी मेलो तर सोनीच्या शाळेचं काय, रेखा कुठे जाईल, प्रेत गावी नेणार की इथेच जाळणार, एवढंच डोक्यात फिरायचं. मनातून मी दर दुपारी एकदा मरत होतो.

त्याच वेळी एक वयस्क सिस्टर वॉर्डात येऊन स्टुलावर बसायच्या. सिस्टर आग्नेस. मूळच्या जालन्याकडच्या, मराठी बोलायच्या. एका दुपारी त्या चार नंबरच्या शांतीलालभाईंजवळ बसल्या. ना पुस्तक, ना माळ, नुसत्या बसल्या. दुसऱ्या दिवशी शांतीलालभाई गेले. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी स्टूल उचललं आणि माझ्याजवळ आणून ठेवलं.

मी इतक्या मोठ्याने ओरडलो की आख्खा वॉर्ड उठून बसला. “माझ्याजवळ नाही! मी अजून मरत नाहीये!”

“अहो धनराजभाऊ,” सिस्टर म्हणाल्या, “तुमच्या डोक्यावर पंखा आहे. त्या कोपऱ्यात मला उकडतं.”

त्या हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “शांतीलालभाई जाणारच होते. मी बसले म्हणून नाही गेले. एकटे जाऊ नयेत म्हणून बसले.”

बटाटा सोलताना

पुढे त्या रोज पंख्याखाली बसायला लागल्या. एकदा मी विचारलं, “सिस्टर, मनात काय जपता?”

“काही नाही. बसते.”

“देव दिसतो?”

“बसल्यावर दिसतोच असं नाही.”

मला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं. मग त्यांनी थोडं सांगितलं. त्यांच्या धर्मात फार जुन्या काळी काही माणसं घरदार सोडून वाळवंटात जाऊन राहायची. ती टोपल्या विणायची आणि एखादा छोटा शब्द श्वासाबरोबर मनात फिरवत राहायची. पुढेपुढे शब्दही सुटायचा, उरायचं नुसतं देवासमोर असणं. मागणं नाही, गाऱ्हाणं नाही. “सगळ्यांना वाळवंट कुठून मिळणार?” सिस्टर म्हणाल्या. “मला स्वयंपाकघर मिळालं. बटाटा सोलताना बटाट्यापाशीच राहायचं, उद्याच्या चिंतेत जायचं नाही. एवढंच मी शिकते आहे.”

“हे तर आमचा मुकादमही सांगतो,” मी म्हणालो. “काम करताना कामात लक्ष ठेव.”

“मग तुमचा मुकादम मोठा माणूस आहे,” त्या म्हणाल्या.

मी श्वासाबरोबर शब्द फिरवून पाहिला. शब्द माझाच घेतला, ‘माय’. कानबाई पण त्यात आली आणि आई पण. पण माझी छाती म्हणजे भोकं पडलेली पिशवी. श्वास आत घेतला की खोकला. मी चिडून म्हणालो, “तुमच्या देवाने मला तेवढाही श्वास ठेवला नाही.” सिस्टरांनी समजूत वगैरे घातली नाही. जखमेवर बांधायच्या जाळीच्या कापडाचा गठ्ठा माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाल्या, “श्वासाचं राहू द्या. या पट्ट्यांना घड्या घाला. घडी घालताना घडीच घाला.”

कापड आणि माझे हात यांचं जुनं नातं. एका दुपारी घंटा झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की गठ्ठा संपलाय आणि बराच वेळ मी मेलो नव्हतो. म्हणजे मरणाचा विचारच आला नव्हता. बाहेरच्यांना यात काही मोठं वाटणार नाही. खाटेवर पडलेल्याला विचारा.

पाठमोरी सोनी

दर रविवारी रेखा सोनीला घेऊन यायची. मी व्हरांड्याच्या आत, त्या दोघी बाहेर अंगणात, मधे चार-पाच हात. सोनी गुजराती शाळेत जायची. शाळेत शिकलेलं सगळं मला उभी राहून म्हणून दाखवायची. त्या आवाजासाठी मी सोमवारपासून दिवस ढकलायचो.

माझ्या कानात तेव्हा सतत एक बारीक शिट्टी वाजत होती. मी कुणाला बोललो नाही. पाळी सुटल्यावर प्रत्येक लूमवाल्याच्या कानात ती वाजते. आम्ही म्हणतो, माग घरी आला. मला वाटलं, इतक्या वर्षांचा माग आहे, निघायला वेळ लागेल.

एका रविवारी सोनी गाणं म्हणता म्हणता नवी रिबीन दाखवायला गर्रकन वळली आणि पाठमोरी काहीतरी बोलली. मी नुसता बघत राहिलो. ती परत वळली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मग रेखाने सोनीचे खांदे धरून तिला पुन्हा पाठमोरी केलं आणि तिला काहीतरी सांगितलं. सोनीची वेणी हलत होती, म्हणजे ती बोलत होती. मला शिट्टीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

रेखाने विचारलं, “ऐकू येस का?” ते मला कळलं, कारण तिचा चेहरा समोर होता. किती आठवडे मी असाच ओठांवर चाललो होतो देव जाणे. दुसऱ्यांना फसवणं सोपं असतं. मी स्वतःलाच फसवलं होतं.

सुईने कान जाऊ शकतात हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि कानात आवाज आला तर लगेच कळवायलाही सांगितलं होतं. आता ते माझ्यासमोर बसून सावकाश बोलले. गेलेलं परत येणार नाही. सुई थांबवली तर उरलेलं थोडं राहील, पण मग रोगाची खात्री नाही. अजून काही आठवडे चालवली तर रोग जाईल अशी आशा आहे, कानाची नाही. “आप सोच लो,” ते म्हणाले.

मी काय सोचणार? लूमवाला कानावर जगतो. एवढ्या गोंगाटातही आपल्या मागाचा एक सूर बदलला की धागा तुटल्याचं आम्हाला कळतं. पण खरं सांगायचं तर माझं दुःख मागाचं नव्हतं. पोरीचा आवाज पुन्हा ऐकायचा नसेल तर वाचून तरी काय करायचं, असं मला वाटलं. हे मी रेखाला बोलून दाखवलं. ती असं काही भडकली की अंगणातले लोक वळून पाहू लागले.

“तुम्ही मरी गयात ते मी तुमना कान लिसन काय करू?”

तुम्ही मेलात तर तुमचे कान घेऊन काय करू, असं ती म्हणाली. तरीही मी तिच्या पाठीमागे भिकाला निरोप धाडला की सोमवारी दुपारी टेम्पो घेऊन ये, मला गावी जायचंय. आईच्या दारात, उरलेल्या कानांनी मरायचं, असं मी ठरवलं.

तरी मी बसते

सोमवारी दुपारी पिशवी भरली. एका माणसाला सांगितल्याशिवाय जाणं बरोबर वाटेना. सिस्टर वॉर्डात नव्हत्या. मागच्या बाजूला त्यांची प्रार्थनेची छोटी खोली होती, तिथे गेलो. दार उघडं होतं. त्या बाजूच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या, डोळे मिटलेले, खिडकीचा उजेड तोंडावर. मी दारात थबकलो.

त्यांचे ओठ हलत होते.

न वाचता कसं राहणार? तुमच्यासमोर कुणी मोठ्याने बोललं तर तुम्ही ऐकणार नाही का? त्या म्हणत होत्या, “तू नाहीस. तू नाहीस. तरी मी बसते.” थोडं थांबून पुन्हा तेच. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ज्या बाईच्या शांतपणाच्या भरवशावर मी दोन महिने काढले, तिच्याकडे आत काहीच नव्हतं! मला इतका संताप आला की मी सरळ आत जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

“सिस्टर, तुम्ही मला फसवलंत.”

त्यांनी डोळे उघडले. मी त्यांचेच शब्द त्यांना म्हणून दाखवले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी पदर नसलेल्या त्या पांढऱ्या कपड्याच्या बाहीने डोळे पुसले आणि माझ्याकडे तोंड करून, मला वाचता येईल असं बोलल्या.

“कुणालाच माहीत नव्हतं हे. तरुणपणी दोन वर्षं तो जवळ असल्याचं मला कळायचं. अगदी तुम्ही समोर आहात तसं. मग एक दिवस बंद झालं. वीस वर्षं होऊन गेली, धनराजभाऊ. मला काहीही ऐकू येत नाही.”

“मग कशाला बसता? उठून जा ना!”

“कुठे?” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “तुमची सोनी झोपलेली असते, तेव्हा ती तुमच्याशी बोलते का?”

“नाही.”

“तेव्हा तिच्याजवळ बसत नाही तुम्ही?”

मी त्यांच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकलो. माझ्या कानात शिट्टी, त्यांच्या कानात काय होतं कोण जाणे. मी देवाला काही मागितलं नाही, कारण ज्यांचं वीस वर्षं ऐकलं गेलं नाही त्या शेजारीच बसल्या होत्या. माझा नंबर केव्हा लागणार? पण एवढं मात्र कळलं की बहिरेपणात बसलेला मी एकटा नाही. मी डोळे मिटले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. खांद्यावर जोराचा हिसका बसला. भिका होता. तो टेम्पोचा हॉर्न वाजवून वाजवून थकला होता आणि मला शोधत शोधत आला तर काय दिसलं? त्याचे दाजी, क्रॉससमोर, सिस्टरच्या बाकावर, डोळे मिटून! त्याच्या मनात जी भीती होती ती तंतोतंत त्याच्यासमोर बसली होती.

“बाटी गयात ना शेवट!” तो ओरडला. ओठांच्या त्या ताणावरून तो ओरडतोय हे मला कळलं.

सिस्टर उठल्या. “भाऊ, मी यांना काहीच दिलेलं नाही. माझ्याकडे द्यायला आज काहीच नाही.” त्यातलं खरं फक्त मला समजलं.

“मी येत नाही भिका,” मी म्हणालो. “सुई पुरी करतो.”

भिका हातातली माझी पिशवी तिथेच फेकून निघून गेला. पुढे सात-आठ महिने तो आमच्या दारात आला नाही. रेखाला मी त्या टेम्पोबद्दल पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ओठही हलवले नाहीत.

रोट

सुया पूर्ण झाल्या. डावा कान पूर्ण गेला, उजव्याने दार आपटलं तर कळतं. मला घरी सोडलं, गोळ्या मात्र पुढे चालूच. श्रावण आला. माझ्यात प्रवासाची ताकद नव्हती म्हणून आई नवागामला आली आणि आमच्या एका खोलीत कानबाई बसली. धान्य काढताना आईने एक मूठ भरली आणि माझ्या समोर धरून ओठांनी म्हणाली, “हाई तुन्या नावना.” हे तुझ्या नावाचं. माझ्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. रोट झाले. रेखाने पहिला तुकडा मोडला, त्यावर गोळी ठेवली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. आईने ते पाहिलं. नेम मोडत होता. आईने स्वतः पाण्याचा तांब्या उचलून माझ्या हातात दिला.

गोळ्या घ्यायला गेलो तेव्हा हे सगळं मी सिस्टरांना सांगितलं आणि म्हटलं, “तुम्हाला तुकडा आणायचा होता, पण बाहेरच्याला देता येत नाही.” त्या म्हणाल्या, “आमच्यातही एक भाकर आहे तशी, चर्चमध्ये फक्त आमच्याच लोकांना मिळते. तीही मला तुम्हाला देता आली नाही.” मग दोघंही थोडा वेळ पंख्याखाली बसलो. काही महिन्यांनी त्यांची बदली झाली. त्यांना पुढे काही ऐकू आलं का, मला माहीत नाही.

ज्यांना हा आजार आहे त्यांना दोनच गोष्टी सांगतो. गोळी कुठल्याही देवासाठी कोनाड्यात ठेवू नका, आणि कानात शिट्टी वाजली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. बाकी देव सापडला का म्हणाल, तर नाही. मी आता मागावर नाही, एका ठिकाणी कापडाचे ताके तपासायला बसतो. कापड बघताना कापडच बघतो. कधीकधी तेही जमत नाही आणि सगळी दुपार जीव नुसता तुटत असतो.

गेल्या रविवारी दुपारी सोनी चटईवर झोपली होती. मी तिच्याजवळ बसून तिच्या पाठीवर हात ठेवला होता. अचानक तळहाताखाली पाठ थरथरली. ती झोपेत काहीतरी बोलत होती. तोंड भिंतीकडे होतं, मला ओठ दिसत नव्हते. काय म्हणाली ते मला कधीच कळणार नाही. तरी मी बसलो.